दोह्याहून गुहागरला: मुलांना 'इंटरनॅशनल' शाळेत घालावं का?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान दोह्यात नोकरीला आहेत आणि अजून काही वर्षं तिथेच राहतील. त्या मात्र येत्या एप्रिलमध्ये दोन्ही मुलांना घेऊन कायमच्या गावी येतायत. मुलगी तिथल्या भारतीय शाळेत सीबीएसईला होती, आता आठवीत जाईल. मुलगा पाच वर्षांचा. घरापासून तासाभरावर इंग्लंडच्या केंब्रिज अभ्यासक्रमाची एक नवी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आहे. प्रकल्पावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांची, मुंबई सोडून किनाऱ्यावर राहायला आलेल्यांची आणि आसपासच्या गावांतली अशी सगळी मुलं तिथे एकत्र आहेत. फी दणदणीत. शाळा भरवशाची आहे हे कसं ओळखायचं, मुलीच्या अकरावीचं काय होईल, परदेशी मुलांबरोबर बसून इंग्रजी सुधारतं का आणि धाकट्याचं मराठी जाईल का, हे त्यांना विचारायचं आहे. भेटीला गेल्या तेव्हा शाळेने 'आतापासून घरीही इंग्रजीच बोला' असा सल्लाही दिला.

मी अशा शाळांत शिकवलं आहे, प्रवेशाचं काम पाहिलं आहे, प्राथमिक विभाग सांभाळला आहे. आधी मुंबईत, मग अलिबागकडे. ताई, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: तुमच्या दोन मुलांसाठी माझं उत्तर एकच नाही. मूल या शाळेतून पुढे कुठे जाणार आहे आणि ते जाईपर्यंत शाळा आज आहे तशी टिकणार आहे का, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. इमारत, पोहण्याचा तलाव, गच्चीतून दिसणारा समुद्र हे नंतर बघू.

शाळेच्या नावातलं 'इंटरनॅशनल' सोडून द्या, ते कुणीही लावतं. कोकणात ही पाटी लावलेल्या बऱ्याच शाळा सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या आहेत, आणि त्यातल्या काही उत्तम आहेत. राज्य शासनानेही २०१८ च्या सुमारास महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या होत्या. २०२० मध्ये ते मंडळच गुंडाळलं गेलं. तुमची शाळा केंब्रिजची म्हणवते, तर केंब्रिजच्या संकेतस्थळावर देशवार शाळांची यादी असते, तिच्यात नाव शोधा. नाव सापडलं तरी मान्यता कुठल्या टप्प्यांची आहे ते विचारा, कारण प्राथमिक, लोअर सेकंडरी, आयजीसीएसई (म्हणजे त्यांची दहावी) आणि ए लेव्हल (त्यांची बारावी) हे वेगवेगळे टप्पे आहेत. प्राथमिक चालवणारी शाळा 'आम्ही केंब्रिज' म्हणते ते खोटं नसतं, पण तुमच्या आठवीतल्या मुलीला त्याचा काय उपयोग? आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत हाच प्रकार 'कँडिडेट स्कूल' या नावाने चालतो. कँडिडेट म्हणजे मान्यतेच्या रांगेत उभी असलेली शाळा. रांगेतल्या सगळ्यांचा नंबर लागतोच असं नाही. याशिवाय राज्याची स्वयंअर्थसहाय्यित शाळा म्हणून परवानगी आणि युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, हवाच. तो नसेल तर पुढे दाखला देताना-घेताना तोंडाला फेस येतो.

आता टिकण्याचं. मुळात या शाळा फिरत्या लोकांसाठी निघाल्या. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पहिली शाळा निघाली. बदल्या होणाऱ्या मुलांना कुठल्याही देशात चालेल असं प्रमाणपत्र मिळावं म्हणून त्याच शहरात १९६८ मध्ये आयबीची स्थापना झाली. भारतात आयबी पहिल्यांदा आलं ते १९७६ मध्ये, कोडाईकॅनालच्या निवासी शाळेत. मुंबईची अमेरिकन स्कूल १९८१ ची. थोडक्यात, ही व्यवस्था ज्यांच्यासाठी बनली ते लोक दोन-तीन वर्षांनी निघून जाणारच असतात. मुंबईत एक कुटुंब गेलं की दुसरं येतं. किनाऱ्यावर एका प्रकल्पाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या शाळेत तसं होईलच असं नाही.

तुम्ही गुहागरच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. अंजनवेलला दाभोळ वीज कंपनी आली तेव्हा केवढी वर्दळ होती. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. पुढे २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला, पण मधल्या काळात भाड्याने दिलेली घरं, गाड्या, हॉटेलं यांचं काय झालं हे त्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून शाळेला माझा आवडता प्रश्न विचारा: परदेशी मुलांची फी कोण भरतं? बहुतेक ठिकाणी ती कंपनी भरते, बऱ्याचदा वर्षाची एकदम. काही शाळांत कंपनी ठरावीक जागा राखूनच ठेवते. अशा जागांवर शाळेचा निम्मा खर्च निघत असेल, तर ज्या दिवशी कंपनीचं कंत्राट संपेल त्या दिवशी उरलेल्या पालकांची फी तरी वाढेल, नाहीतर शिक्षक तरी कमी होतील. मागे कोण आहे, ट्रस्ट आहे की एकटा उद्योजक, त्यांच्या इतर शाळा आहेत का, हेही विचारा. स्पष्ट उत्तर देणारी शाळा मला नेहमीच जास्त विश्वासाची वाटते, मग उत्तर गैरसोयीचं का असेना.

दुसरा पुरावा शिक्षकांचा. वर्गात गोरा चेहरा दिसला की आपल्याकडे पालक भारावतात. परदेशी शिक्षकाला रोजगार व्हिसा लागतो, त्याला किमान पगाराची अट असते, आणि ती परवडणाऱ्या शाळा थोड्या. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दिसणारे परदेशी शिक्षक म्हणजे त्याच प्रकल्पावरच्या कुणाच्या तरी पत्नी किंवा काही महिन्यांसाठी आलेली तरुण मंडळी असतात. त्यांच्या व्हिसावर त्यांना नोकरी करता येते का, हे शाळेने पाहिलेलं असायला हवं; नसेल तर तीही एक खूण समजा. मुंबई-पुण्याहून आणलेले शिक्षक चांगले असतात, पण पहिला पावसाळा बघून त्यातले काही परततात. चार महिने कपडे वाळत नाहीत, वीज जाते, घरात वाळवीपासून विंचवापर्यंत सगळे पाहुणे येतात, आणि संध्याकाळी सातनंतर करायला काही नसतं. शाळेने शिक्षकांच्या राहण्याची नीट सोय केली आहे का ते पाहा. आणि विचारा: मागच्या वर्षी आठवीला गणित-विज्ञान कोण शिकवत होतं, ते आज आहेत का?

माझ्या अनुभवात अशा शाळेची खरी ताकद असते ती स्थानिक शिक्षिका. रत्नागिरी-चिपळूणकडे डी.एड., बी.एड. केलेल्या, मुलांना ओळखणाऱ्या, सोडून न जाणाऱ्या बायका. अनेक शाळा त्यांना 'असिस्टंट टीचर' करून नाक पुसायला आणि रांगा लावायला ठेवतात आणि बाहेरून आलेल्या, कमी अनुभवाच्या माणसाला वर्ग देतात. हे दिसलं की माझं त्या शाळेबद्दलचं मत तिथेच बनतं. याउलट स्थानिक शिक्षिकांना प्रशिक्षण देऊन वर्गशिक्षक केलेलं दिसलं, तर ती शाळा पंधरा वर्षांचा विचार करते आहे असं समजा.

आता भाषेबद्दल, कारण 'घरीही इंग्रजीच बोला' या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. तो पाळू नका. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक फरक दाखवला, तो आमच्या धंद्यात आता सगळे मानतात. मैदानावरची, डब्याच्या सुट्टीतली बोलाचालीची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण धडा वाचून समजणं, कारण मांडणं, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवणं, यासाठी लागणारी अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. पालक फसतात ते इथे. मूल दुसरीत फाडफाड इंग्रजी बोलतं, पाहुण्यांना कौतुक वाटतं, आणि पाचवीत विज्ञान आलं की घसरगुंडी सुरू होते. शाळा म्हणते मूल लक्ष देत नाही. खरं तर त्याला 'का' आणि 'म्हणून' हे कुठल्याच भाषेत नीट मांडता येत नसतं.

आजी रात्री गोष्ट सांगते, आजोबा कलमांना खत कसं घालायचं ते समजावतात, तेव्हा मूल क्रम लावायला, कारण शोधायला, अंदाज बांधायला शिकतं. हे एकदा मराठीत पक्कं झालं की इंग्रजीत न्यायला वेळ लागत नाही. आईने तोडक्या-मोडक्या इंग्रजीत 'ईट फास्ट, बस कमिंग' म्हणण्यातून यातलं काही मिळत नाही. ज्या विषयावर तुम्ही मुलाशी सगळ्यात खोलवर बोलू शकता, तो तुमच्या भाषेतच बोला.

मी असलेल्या एका शाळेत आम्ही चौथीच्या वर्गात चंद्र आणि भरती-ओहोटी शिकवत होतो. कोळीवाड्यातला एक मुलगा होता, शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेला. इंग्रजीत तो तोंड उघडत नसे. वर्गशिक्षिकेने त्याला मराठीत सांगायला लावलं. मग काय, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, भांगात पाणी का कमी चढतं, बापाची होडी कधी सुटते, सगळं बाहेर आलं. शेवटी त्याने घरातला हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा वाजता. शेजारी बसलेल्या कोरियन मुलीने पुढच्या पंधरवड्याचं कोष्टक मांडलं, बंदराच्या छापील वेळांशी ताडून पाहिलं, आणि फरक का पडतो यावर दोघांची हातवाऱ्यांनी चर्चा सुरू झाली. दोन आठवड्यांनी त्याच मुलाने हे सगळं मोडक्या पण ठाम इंग्रजीत लिहून दिलं. परदेशी आणि स्थानिक मुलं एकत्र शिकतात ती अशी. त्यासाठी वर्गात मराठीला दार उघडं लागतं. 'इंग्लिश ओन्ली'चे फलक लावून मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळेत तो मुलगा चार वर्षं गप्पच बसला असता.

म्हणून भेटीला जाल तेव्हा संगणक कक्ष बघण्यापेक्षा एक तास वर्गात मागे बसू द्या म्हणावं. आसपासचा परिसर अभ्यासात येतो का ते पाहा. कातळसड्यावरची खोदचित्रं, खाडीतली कांदळवनं, देवराई, जांभ्याची खाण, हे सगळं तुमच्या दाराशी आहे आणि कुठल्याही चांगल्या विज्ञान-भूगोलाच्या अभ्यासक्रमात चपखल बसतं. इथे राहून मुलं पुस्तकातून इंग्लंडातल्या नद्याच शिकत असतील, तर तेवढी फी कशासाठी?

मराठी जाईल का, तर कायद्याने ते शिकवावंच लागतं. २०२० चा राज्याचा कायदा कुठल्याही मंडळाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं करतो, न शिकवणाऱ्या संस्थेला एक लाखापर्यंत दंड आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना सूट देण्याचा अधिकार शासनाने ठेवला आहे, परदेशी मुलांसाठी तो वापरतात. पण सूट आपोआप मिळत नाही, शाळेमार्फत अर्ज करावा लागतो. तुमच्या मुलीने दोह्यात मराठी लिहायला-वाचायला शिकलं नसेल, तर आठवीत तिला 'सूट घ्या' असं शाळा सुचवेल. शाळेला ते सोपं पडतं. मी म्हणेन, शक्य असेल तर घेऊ नका. तिला आजीचं पत्र आणि तलाठ्याचा कागद वाचता यायला हवा. मराठीच्या तासाला परदेशी आणि स्थानिक मुलांचे गट वेगळे करतात का, आणि तो तास शनिवारी शेवटचा असतो का, यावरून शाळेच्या मनातलं कळतं.

परदेशी मुलांबरोबर बसून इंग्रजी सुधारतं का? थोडं. त्यातल्या अनेकांची भाषा कोरियन, जपानी, फ्रेंच असते. तीही इंग्रजी शिकायलाच आलेली असतात. उच्चाराचा संकोच जातो आणि वेगळा माणूस दिसला की बुजणं थांबतं, हा फायदा मात्र खरा आहे. त्याची दुसरी बाजू पालकांच्या लक्षात येत नाही: ती मुलं जातात. जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या वर्षी जूनमध्ये निघून जाते, पुढच्या वर्षी आणखी एक. जाणाऱ्या मुलांच्या मनाची तयारी करून घेण्यावर शाळा परिसंवाद भरवतात. मागे राहणाऱ्या मुलांकडे कुणी बघत नाही, आणि ती बहुतेक आपली स्थानिक मुलं असतात. तुमची मुलगी तर नुकतीच दोह्यातल्या मैत्रिणी सोडून आलेली असेल. तिला आधी टिकाऊ दोस्ती मिळू दे.

तर मुलीचं. केंब्रिजमध्ये नववी-दहावीला आयजीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि विषय आठवीच्या शेवटी निवडायचे असतात. म्हणजे नव्या पद्धतीत रुळायला तिला एकच वर्ष मिळणार. ही निवड करताना पालकांना न सांगितल्या जाणाऱ्या काही बारीक गोष्टी असतात. गणितासारख्या विषयांत कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर आहेत. कोअरला बसलेल्या मुलाचा पेपर कितीही छान गेला तरी सीच्या वरची श्रेणी मिळत नाही. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कमजोर वाटणाऱ्या मुलांना कोअरला बसवलं जातं आणि मग अकरावी सायन्सला अडतं. विज्ञानही तसंच. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी स्वतंत्र घेता येतात, दोन विषयांइतकं को-ऑर्डिनेटेड सायन्स घेता येतं, किंवा एकाच विषयाएवढं हलकं कम्बाइन्ड सायन्स. पुढे सायन्सला जायचं असेल तर शेवटचा पर्याय नको. इंग्रजीतही फर्स्ट लँग्वेज आणि सेकंड लँग्वेज असे वेगळे पेपर आहेत. हे सगळं प्रवेशाच्या आधी लेखी विचारा. नवीन शाळेत दहावीची पहिली तुकडी तुमच्याच मुलीची असणार असेल तर जरा जास्तच विचारा.

दहावीनंतरची अडचण तारखांची आहे. केंब्रिजच्या मे-जून परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. आपल्याकडे तोवर अकरावीचे प्रवेश बरेच पुढे गेलेले असतात, आणि २०२५-२६ पासून तर सगळ्या राज्यात ते केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनेच होतात. कॉलेजमध्ये जाऊन ओळखीने काम होण्याचे दिवस गेले. म्हणून केंब्रिजची भारतापुरती मार्चची परीक्षा असते, तिचा निकाल मेच्या मध्यापर्यंत येतो. शाळा मार्चला बसवते की जूनला, हा प्रश्न एका वर्षाच्या किमतीचा आहे. बाकी मान्यतेची भीती बाळगू नका. भारतीय विश्वविद्यालय संघ आयजीसीएसईला दहावीच्या बरोबरीचं मानतो. इंग्रजीसह किमान पाच विषय ठरावीक श्रेणीत हवेत. श्रेणींचं टक्केवारीत रूपांतर करून अर्ज भरायचा असतो, त्यात मुलं थोडी मागे पडतात असं मला वाटतं, पण दार बंद नाही.

तिला डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असेल तर सरळ सांगते, सीबीएसईतच ठेवा. नीट आणि जेईईचे प्रश्न एनसीईआरटीच्या वळणाचे असतात आणि तिचा पाया त्यावरच आहे. पुढे आयबी डिप्लोमाचा विचार करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की त्याच्या नेहमीच्या सहा विषयांच्या रचनेत तिन्ही विज्ञान विषय बसत नाहीत, खास परवानगी काढावी लागते. तुम्ही आठवीत परत येताय हे मात्र योग्य वेळेला आहे. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवासाचा दाखला लागतो. तुमच्या मुलांचे पासपोर्ट भारतीय आहेत, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही. ज्यांच्या मुलांकडे परदेशी नागरिकत्व आणि ४ मार्च २०२१ नंतर काढलेलं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं की फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना मिळत नाहीत, एनआरआय जागांवरच अर्ज करता येतो.

याउलट तिचा ओढा चित्रकला, डिझाइन, साहित्य, अर्थशास्त्र याकडे असेल आणि पदवीला परदेशी जाण्याची आर्थिक तयारी असेल, तर केंब्रिजची पद्धत तिला खुलवेल. पाठांतरापेक्षा मांडणीला गुण मिळतात, आणि मोठ्या मुलींना ते फार मानवतं. प्रश्न तिलाच विचारा. आठवीतली मुलगी स्वतःबद्दल आपल्या समजुतीपेक्षा जास्त जाणते. हे दोन्ही नसेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीची चांगली सीबीएसई शाळा बघा, गरज पडली तर नातेवाइकांकडे ठेवून.

मुलाला या शाळेत घालू नका. शाळा वाईट असेल म्हणून नव्हे, अंतरामुळे. पाच वर्षांच्या पोराला जुलैत, धुक्यात आणि पावसात, घाटवळणाच्या रस्त्याने रोज दोन तास बसमध्ये ठेवणं मला पटत नाही. बस लागते, उलट्या होतात, घरी येऊन झोपतो, आजी-आजोबांशी दोन शब्द बोलायला वेळ उरत नाही. आणि जोराच्या पावसात जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात ती बरेचदा सकाळी, बस निघाल्यानंतर कळते. गावातली किंवा जवळची सेमी इंग्रजी शाळा, जिथे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत असतं, त्याच्या वयाला योग्य आहे. पटसंख्या फारच कमी असेल, एकाच शिक्षकाकडे सगळे वर्ग असतील, तर शेजारच्या मोठ्या गावातली बघा. आपल्या शाळांना उगाच कमी लेखू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं, २०२५ मध्ये निकाल ९८.८२ टक्के होता. निकाल म्हणजे शिक्षण नव्हे हे मलाही कळतं, पण शिकवणारे वर्गात येतात आणि मुलं शाळेत टिकतात एवढं त्यातून नक्की दिसतं. सहावी-सातवीला इंग्रजी माध्यमात जायचं ठरलं तर वाचनाची सवय असलेलं मूल सहज जातं.

वयाचाही एक घोळ आहे. केंब्रिजच्या प्राथमिक टप्प्याची पहिली पायरी पाच वर्षांना सुरू होते, आपल्याकडे पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. काही शाळा तिथल्या स्टेज वनला 'फर्स्ट' म्हणतात. अशा ठिकाणाहून मूल दोन वर्षांनी राज्य मंडळात आणलं की वर्ग एक आणि वय दुसरंच, असं होऊन बसतं.

फीबद्दल थोडक्यात. शाळा कितीही आंतरराष्ट्रीय असली तरी महाराष्ट्रातली आहे, आणि २०११ चा शुल्क विनियमन कायदा तिला लागू आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि त्या समितीतले पालक सोडत काढून निवडतात. समिती आहे का, मागच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा, एवढं विचारलं तरी पुरे. परत मिळणारी अनामत रक्कम किती आणि केव्हा मिळेल ते लेखी घ्या. केंब्रिजची परीक्षा फी दर विषयाला वेगळी असते, ती जाहिरातीत दिसत नाही. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. 'इंटरॅक्शन' या नावाखाली होतेच, तिथे फार मनाला लावून घेऊ नका.

कागदपत्रांचं मात्र दोह्यात असतानाच उरका. दोन्ही मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर तिथल्या शिक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयांचे शिक्के आणि भारतीय दूतावासाचं साक्षांकन करून घ्या. यजमान तिथेच आहेत, पण मूल शाळेतून निघाल्यावर शाळेचं कार्यालय तेवढ्या तत्परतेने हलत नाही. मुलीच्या मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका, दोघांचे जन्मदाखले, लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आधी तपासा. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, आडनाव आहे की नाही, एवढ्यावरून दहावीच्या अर्जाच्या वेळी मुलांना हेलपाटे घालावे लागलेले मी खूप पाहिले आहेत. तुम्ही एप्रिलमध्ये येताय आणि सीबीएसईचं वर्षही एप्रिललाच सुरू होतं, तेव्हा मुलीच्या प्रवेशाची चौकशी फेब्रुवारीतच इथल्या कुणाला तरी पाठवून करून ठेवा.